अक्कांची खोली

पुण्याहून बंगळूरला आल्यावर आमच्या स्वमग्न मुलीला तीन शाळांनी गोड बोलून नकार दिला. चौथी शाळा बसवनगुडीतली. तिथल्या ऑफिसातल्या क्लार्क बाईंना सगळे अक्का म्हणतात. त्यांचं मराठी संथ, कानडी मिसळलेलं, कारण घराणं पिढ्यान्‌पिढ्या इथलंच. कुणाचाही फॉर्म त्या चष्मा कपाळावर चढवून, डोळ्यांजवळ धरून शेवटच्या ओळीपर्यंत वाचतात आणि मगच तोंड उघडतात. मला त्यांनी एवढंच विचारलं, "तिला त्रास कशाचा होतो?"

"गोंगाटाचा," मी म्हटलं.

आत केबिनमध्ये मुख्याध्यापक म्हणाले, "विशेष शिक्षिका आठवड्यातून दोनच दिवस येतात. बाकीचे दिवस कोण बघणार?"

मी कागद गोळा करायला लागले. तेवढ्यात अक्का दारातूनच म्हणाल्या, "सर, वर्गात सहन झालं नाही की माझ्या खोलीत येऊन बसू दे. मी आहे की."

प्रवेश मिळाला. अक्कांनी कपाट सरकवून कोपऱ्यात सतरंजी अंथरली. पहिले काही महिने मुलगी बराचसा दिवस तिथंच असायची.

या आठवड्यात ती एकदाही तिथं गेली नाही. मी आभार मानले, तेव्हा अक्का म्हणाल्या, "सरी, ठीक, चांगलं झालं." मग कोपऱ्यातल्या सतरंजीकडे बघून म्हणाल्या, "स्वल्प सुनं वाटतं, एवढंच."