रिकामा परत आलेला तक्ता

परतकाका हे नाव त्यांना श्रवण केंद्रातल्या लोकांनीच दिलं. कुणाच्या हातून कॉम्प्युटरवरचं काही पुसलं गेलं, की माणूस घामाघूम होऊन जिन्याखालच्या खोलीशी उभा राहायचा. "काका, परत आणा ना!" काका चष्मा कपाळावर चढवत, "आधी कीबोर्डवरचे हात काढा" असं दरडावत आणि रोजच्या बॅकअपमधून, म्हणजे जपून ठेवलेल्या नकलेतून, हरवलेलं उचलून देत. त्या खोलीत सर्व्हरसाठी एसी होता आणि काकांसाठी बायकोनं विणलेला स्वेटर. बढतीची वेळ आली की मात्र असे कुणी काका आपल्याकडे आहेत, हे केंद्राच्या लक्षातच नसे.

त्या सकाळी दारात कानवाली ताई होती. पेशंटांच्या कानातली मशीनं ही जुळवून द्यायची. बोलायला फटकळ, हात मात्र हलका.

"काका, माझा जुळणीचा तक्ता गेला. अख्खा."

काकांचा हात चष्म्याकडे गेलाच नाही. त्या तक्त्यात प्रत्येक पेशंटच्या कानाचं गणित होतं: कुठला आवाज किती मोठा करायचा, कुठला दाबायचा. आणि त्यातच त्यांच्या आईचेही कान होते.

आईचे कान जुळवताना ताई मेटाकुटीला आली होती. "आजी, आता कसं येतं ऐकू?" विचारलं की आजी म्हणायची, "तू डब्यात बसून बोलतेयस." ताई काहीतरी फिरवायची. "आता झाकण उघडलंस. पण डब्यातून बाहेर ये ना गं!" असं करत करत एकदाची ताई डब्यातून बाहेर आली. पुढे आईला काही आठवेनासं होत गेलं. समोरचे चेहरे तिला परके झाले, पण आवाज कळायचा. काकांनी "आई" म्हटलं, की ती नजर न उचलताच म्हणायची, "आलास? जेवलास का?" तेवढ्यावर काकांचा दिवस निघायचा.

गेल्या आठवड्यात तिनं कानातलं मशीन कवळी समजून पाण्याच्या पेल्यात टाकलं. नवं मशीन आलं होतं. तक्त्यातली जुळणी त्यात चढवली, की झालं.

"कुणी उडवला?" काकांनी विचारलं.

"साहेबांनी कॉम्प्युटरच्या सफाईला आणलेली ती बाहेरची कंपनी. तक्त्याच्या नावाआधी 'टेम्प' दिसलं की उडवत सुटले."

टेम्प म्हणजे तात्पुरता. केंद्रात कायमचा तक्ता हवा तर समितीची मंजुरी लागे आणि समिती बसायची ती उठण्यासाठीच. ताईच्या अर्जावर साहेब म्हणाले होते, "सध्या टेम्प म्हणून चालवा." ते 'सध्या' इतकी वर्षं चाललं, की त्या नावाचं कुणाला काही वाटेनासं झालं. जे जे कामाचं, ते टेम्प. बिनकामाचं तेवढं कायम.

"घाबरू नका. बॅकअप आहे," काका म्हणाले.

सगळीच नक्कल परत ओतली असती, तर त्या दिवशी सकाळपासून नोंदवलेले पेशंट वाहून गेले असते. नुसता एक तक्ता ओढून काढायचा होता, भरल्या पेटीच्या तळातला सदरा इतर घड्या न मोडता काढावा तसा. पहिल्या खेपेला कॉम्प्युटर अडून बसला: हे कान कुणाचे? पेशंटांचा तक्ता आधी आणा. काकांनी वेगळी मोकळी जागा केली, तिथे आधी पेशंट बसवले, मग जुळणी आणली. या खेपेला कुरकुर नाही. पडद्यावर हिरवी अक्षरं: काम यशस्वी.

"आलं!" ताई टाळी वाजवायच्या बेतात होती.

काकांनी तक्ता उघडला. वर मथळे होते: पेशंट, कान, आवाज, तारीख. खाली काही नाही. चाळणी, म्हणजे फिल्टर, लागून राहिली असेल म्हणून ती काढली. पाहण्याची परवानगी तपासली. परवाची नक्कल लावली, मग गेल्या महिन्याची. दर वेळी हिरवी अक्षरं आणि दर वेळी तेच कोरे रकाने.

शेवटी बॅकअप ज्या हुकमानं निघतो, तो त्यांनी उघडला. त्यात एक ओळ होती: 'टेम्प'नं सुरू होणाऱ्या तक्त्यांचा फक्त सांगाडा घ्यावा, आतलं घेऊ नये. कधीतरी जागा अपुरी पडली, तेव्हा साहेब म्हणाले होते, "तात्पुरता कचरा कशाला साठवता?" ओळ काकांनीच टंकली होती. साहेब खोलीतून बाहेर जायच्या आत, हसतमुखानं.

"तुम्हाला माहीत होतं ना, माझा तक्ता टेम्प आहे ते?" ताईनं विचारलं.

"माहीत होतं. ती ओळ लिहिताना आठवलं नाही."

ताई एरवी तोडून बोलली असती. या वेळी ती नुसती खुर्चीवर बसली.

साहेबांनी मात्र बैठकीत छाती फुगवून सांगितलं, "उडालेले सगळे तक्ते परत आले!"

"आत काही नाही, साहेब," काका म्हणाले.

"तक्ता आला ना? आतलं भरेल हळूहळू. तुम्ही पण ना काका, आनंदात मिठाचा खडा टाकता!" सगळे हसले. काकांसाठी टाळ्याही वाजल्या.

दुसऱ्या दिवशी काका आईला घेऊन केंद्रात आले. ताईनं नवं मशीन तिच्या कानात बसवलं. "आजी, कसा येतो आवाज?"

"छान आहे."

ताईनं काहीतरी फिरवलं. "आणि आता?"

"छान आहे."

"डब्यातून बोलतेय का मी?"

"छान आहे हो."

ताईनं काकांकडे पाहिलं आणि मशीन बंद केलं. "आता, आजी?"

आईनं तिचे हलणारे ओठ पाहिले. "छान आहे," ती म्हणाली.

ताईनं मशीन पुन्हा चालू केलं. काका पुढे वाकले. "आई."

आईनं मान वर केली. दारी आलेल्या पाहुण्याकडे पाहून हसावं तशी, अगदी रीतसर हसली. "बसा ना," ती म्हणाली.

तेवढ्यात स्वागतकक्षातली बाई धापा टाकत आत डोकावली. "काका, बरे सापडलात! माझ्याकडून काहीतरी पुसलं गेलंय. परत आणा ना!"

काकांनी आईच्या कानातलं मशीन अलगद काढलं, डबीत ठेवलं.

"आणतो," ते म्हणाले. "रिकामं चालेल का?"