बुधवारी कुलूप, रविवारी शाळा

गिरजाबाई गेल्याची बातमी मला रविवारी दुपारी, भर तासात कळली. रविवारी शाळा कशी, असा प्रश्न ज्यांना पडेल ते आमच्या पुऱ्यातले, म्हणजे नाल्यापलीकडच्या वस्तीतले, नव्हेत, आणि मुख्यतः त्यांच्यासाठीच मी हे लिहायला बसलो आहे. वरच्या वर्गाला भूमिती चालली होती. दारात रसूलभाई येऊन उभे राहिले. कांद्याचे व्यापारी, ज्या वखारीत आमची शाळा भरते ती वखार त्यांचीच. एरवी नाल्यापासूनच हाका मारत येणारा हा माणूस त्या दिवशी चौकटीला हात टेकून नुसता उभा होता. "मास्तर," ते म्हणाले, "बुढी गेली आपली. आत्ताच." मी खडू खाली ठेवला. मुलं माझ्या तोंडाकडे बघत होती. शाळा सोडून द्यावी का, असं मी हळूच विचारलं, तर डोळे पुसता पुसताच रसूलभाई माझ्यावर उखडले. "सुट्टी देसान तं थे उठून येईन ना बाप्पा! घंटा होऊ द्या. मंग सारे जाऊ." मी खडू पुन्हा उचलला. ते प्रमेय त्या दिवशी मी कसं पुरं केलं ते माझं मला ठाऊक… पण पुरं केलं. घंटा झाल्यावर आम्ही सगळे नाल्याच्या काठाकाठानं तिच्या मळ्याकडे गेलो.

पुढे काही दिवसांनी गावात तिची शोकसभा झाली. फोटो नव्हता, म्हणून रिकाम्या खुर्चीला हार घातला. जिच्याशी बोलताना भले भले दोन पावलं मागे सरकत, तिला त्या दिवशी एकेक वक्ता शांत म्हणाला, सोशिक म्हणाला, त्यागमूर्ती म्हणाला. मी मागे बसून ऐकत होतो आणि मला मनस्वी राग येत होता. गिरजाबाई शांत नव्हती. सोशिक तर जन्मात कधी नव्हती. ही शाळा तिनं काढली ती त्यागातून नव्हे, रागातून काढली. तो राग साखरेत घोळून कोणी गिळू नये, एवढीच माझी विनंती आहे. शेवटी आमच्या शाळेच्या मंडळातले वकीलसाहेब उठले. माणूस वाईट नाही, बोलणं तर फारच गोड. ते म्हणाले, "बाईंच्या पश्चात आता या शाळेनं हट्ट सोडावा. सगळीकडे चालते तशी साडेदहाला भरावी, रविवारी सुट्टी द्यावी. आणि खरं म्हणजे, एवढ्याशा गावाला दुसरं हायस्कूल हवंच का, याचाही शांतपणे विचार व्हावा." टाळ्या पडल्या. बाईला जाऊन महिना झाला नव्हता.

आता ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो. मी मूळचा मेडशीचा. महायुद्ध सुरू व्हायच्या बऱ्याच आधी गावातल्या हायस्कुलात मास्तर म्हणून लागलो. शाळा चांगली होती, दगडी होती, आणि तिचे अर्धेअधिक बाक रिकामे असत. नाल्यापलीकडे, अनसिंगच्या वाटेवर आमचा पुरा. तिथे भाजीपाला पिकवणारे माळी, आणि त्यांना लागूनच रसूलभाईंसारखे व्यापारी, रंगारी, शिंपी. पुऱ्यातून हायस्कुलात येणाऱ्या मुलांचा दिवस पहाटे मळ्यात सुरू होई. भाजी खुडायची, धुवायची, जुड्या बांधायच्या, टोपली डोक्यावर घेऊन गुजरीत, म्हणजे रोजच्या भाजीबाजारात, आयांना पोचवायची, परत येऊन वाफ्यांना पाणी द्यायचं. इतकं करून पोर नाला ओलांडून धावत सुटे, तोवर साडेदहाची घंटा होऊन गेलेली असे. उशिरा आलेल्यानं मधल्या सुट्टीपर्यंत व्हरांड्यात उभं राहायचं, असा शाळेचा नियम होता. आमच्या व्हरांड्याला मेथीचा आणि सांबाराचा वास येई. सांबार म्हणजे आपली कोथिंबीर. वर्षाअखेर तो वास नाहीसा होई, कारण मुलं यायची बंद झालेली असत. मग शिक्षकांच्या खोलीत कोणीतरी म्हणे, या लोकांना शिक्षणाची गोडीच नाही.

पुऱ्यातल्या मंडळींनी आधी शाळेची वेळ बदलून मागितली. त्यावर हसू झालं. मग त्यांनी पुऱ्यातच आपलं स्वतःचं हायस्कूल मागितलं, तेव्हा मात्र गावाला गांभीर्य आलं. एक शाळा अर्धी रिकामी असताना दुसरी कशाला, हा प्रश्न जो तो विचारू लागला. मला स्वतःलाही तो प्रश्न खोटा वाटत नव्हता, हे सांगायला हवं.

अशा दिवसांत ती बोहनीची गोष्ट घडली. बोहनी म्हणजे दिवसाची पहिली विक्री. भाजीवाली एक वेळ देवाला विसरेल पण बोहनी परतवणार नाही. पहिलं गिऱ्हाईक दमडीला मागो की अर्ध्या दमडीला, ती त्याला रिकाम्या हातानं जाऊ देत नाही. जाऊ दिलं तर दिवसाची लक्ष्मी गेली. मी त्या सकाळी गुजरीत भाजी घ्यायला उभा होतो. गिरजाबाईची जागा रांगेत पहिली, फाटकाला लागून. पहिले गिऱ्हाईक वकीलसाहेब. वांगी ते नेहमी स्वतः पारखून घेत. तिनं त्यांचा पैसा तराजूला लावला, कपाळाला लावला आणि वांगी पिशवीत भरू लागली. तेवढ्यात साहेबांना शाळेची आठवण झाली. "काय गिरजाबाई, हायस्कूल हवं म्हणे तुम्हाला! चौथीपर्यंतची शाळा आहे की पुऱ्यात. वांगी तोलायला चौथी पुरते."

बोलणं चेष्टेतलं होतं. पण गिरजाबाईचा हात थांबला. मग तिनं पिशवीतलं एकेक वांगं काढून पुन्हा टोपल्यात ठेवलं आणि तो पैसा साहेबांच्या तळहातावर ठेवून दिला. "तोलाले चौथी पुरते नं? मंग वांगे खाले कितवी लागते, थे सांगा आंधी." शेजारची म्हातारी घाबरून ओरडली, "गिरजे, बोहनी हाय वं माय!" "असू दे." साहेब हसले आणि म्हातारीकडे वळले. म्हातारीनं क्षणभर गिरजाबाईकडे पाहिलं, आणि आपल्या टोपल्यावर गोणपाट टाकलं. मग तिच्या पुढचीनं टाकलं. रांगेच्या शेवटापर्यंत गोणपाटं पडत गेली, आणि वकीलसाहेब रिकामी पिशवी घेऊन फाटकाबाहेर पडले. बोहनी परतवली म्हणून गिरजाबाईनं त्या दिवशी कोणालाच काही विकलं नाही. भरलं टोपलं घरी नेऊन गाईपुढे ओतलं.

त्यानंतर पुऱ्यातल्या एकाही बाईनं त्या घराला भाजी विकली नाही. गडी पाठवला तरी ओळखू येई, गड्याचा भाऊ पाठवला तरी ओळखू येई. साहेबांच्या घरी डाळ आणि बेसन, बेसन आणि डाळ. शेवटी वकिलीणबाई एका दुपारी मळ्यात आल्या आणि म्हणाल्या, "गिरजाबाई, माझं काय चुकलं हो?" गिरजाबाईला बायकांवर राग धरणं जमत नसे. तिनं त्यांना पाटावर बसवलं, कुंकू लावलं आणि त्यांच्या पदरात वांगी, चवळी, मिरच्या, मावेल तेवढं भरलं. वर बजावलं, "हे इकलं नाई मी. हे ओटी हाय." ती ओटी साहेबांनी चाटूनपुसून खाल्ली, असं पुऱ्यात अजून सांगतात.

गंमत पुष्कळ झाली, पण शाळा काही मिळाली नाही. गावच्या शाळा-कमिटीनं पुऱ्याचा अर्ज फेटाळला. त्या वेळी वकीलसाहेबांनी एक मुद्दा मांडला होता आणि तो मला मनापासून पटला होता. वेगळी शाळा म्हणजे गावाची फाळणी. माळ्याचं, व्यापाऱ्याचं आणि वकिलाचं मूल एका बाकावर बसलं पाहिजे. मी मोठ्या उत्साहानं तो मुद्दा गिरजाबाईला जाऊन सांगितला. ती मिरच्यांचे देठ खुडत होती. मान वर न करता म्हणाली, "एका बाकावर बसवाचे होते, तं दाराबाहेर कायले उभे केले?" याचं उत्तर कोणाला सुचलं तर जरूर कळवावं. पुढच्याच हंगामात मी दगडी शाळेची नोकरी सोडली. घरच्यांनी डोक्याला हात लावला.

रसूलभाईंनी वखारीतले कांदे एका अंगाला सारून दिले आणि आमची शाळा सुरू झाली. बाराला भरायची, उन्हं कलली की सुटायची. रविवारी चालू. सुट्टी बुधवारी, कारण बुधवार आठवडी बाजाराचा. त्या दिवशी मेडशी-अनसिंगकडच्या गाड्या येतात आणि पुऱ्यातलं एकही मूल घरी रिकामं नसतं. पहिल्या दिवशी गिरजाबाई गुजरीतून थेट वखारीत आली. टोपल्यातलं एक वांगं काढून माझ्या टेबलावर ठेवलं. "शाळेची बोहनी," एवढंच म्हणाली. रसूलभाईंची मुलगी पहिले काही दिवस कांद्याच्या पोत्यांआड बसून शिकली. नाला ओलांडून दगडी शाळेत तिला कोणी पाठवलं नसतं; वखारीत यायचं म्हणजे बापाच्या दुकानाच्या पाठीमागे यायचं, एवढंच. पुढे कांदे विकले गेले, आड उरली नाही, तरी ती बसत राहिली.

गिरजाबाई मात्र शिकली नाही. दुपारी येऊन वर्गाच्या मागे भिंतीला टेकून बसे आणि बहुधा घोरे. मी कितीदा म्हणालो, सहीपुरतं तरी शिका. एकदा चिडून म्हणाली, "मले नाई शिकाचं, मास्तर. मले भांडाचं हाय. शिकलं का मानूस समजून घ्याले लागते. तुमी नाई का त्या वकिलाचं समजून घेऊन राह्यले होते?" हा टोमणा तिनं मला मरेपर्यंत ऐकवला, चारचौघांत ऐकवला. माझ्या हडकुळेपणावरून, माझ्या छत्रीवरून, माझ्या शाळेत वाजणाऱ्या उशिराच्या घंटेवरूनही टोमणे मारले. कौतुक तिच्या तोंडून मी कधी ऐकलं नाही. तिचा मला राग येई. आज त्या रागाची फार आठवण येते.

मान्यतेसाठी तपासणीला शाळाखात्याचे साहेब आले ते नेमके बुधवारी. शाळेला कुलूप. साहेब संतापून बाजारात आले आणि त्यांना गिरजाबाईपुढे आणून उभं करण्यात आलं. सगळं जग रविवारी सुट्टी घेतं, तुम्ही बुधवारी का, असं त्यांनी विचारलं. "रविवार ज्याचा असन त्यानं घ्यावा. आमचा बजार बुधवारचा." मग साहेबांनी तोच जुना प्रश्न काढला, की गावात अर्धी रिकामी शाळा असताना ही दुसरी कशाला? गिरजाबाईनं हातातली जुडी खाली ठेवली. "साहेब, इहीर भरेल हाय, पन आमचा दोर पुरून नाई राह्यला. तुमी म्हनता, इहीर असतानी तहान कायची?" साहेब परत गेले. पण माणूस सरळ होता. पुढच्या रविवारी, स्वतःच्या सुट्टीच्या दिवशी, न कळवता आला आणि वखार भरलेली पाहून गेला. मान्यता आमच्या वेळांसकट मिळाली. तिच्याबरोबर एक अट आली, की शाळेला रीतसर कार्यकारी मंडळ हवं आणि त्यात गावातले प्रतिष्ठित हवेत. वकीलसाहेब मंडळात आले ते असे.

जाण्याच्या आठवडाभर आधी मी तिला भेटलो. मळ्यात बाजेवर पडून होती, आवाज खोल गेला होता. पहिला प्रश्न नेहमीचाच, "रविवारी पोट्टे आले होते?" आले होते म्हटल्यावर समाधान दिसलं. मग म्हणाली, "वकील येऊन गेला मले पाहाले. म्हने, गिरजाबाई, आता तरी वांगे द्या." मी विचारलं, मग? "म्हनलं, आमची येळ बराबर होती असं चारचौघांत एक डाव म्हना, मंग देतो. हासला अन् गेला." तिनं डोळे मिटले. मला वाटलं, झोप लागली… तर मिटल्या डोळ्यांनीच म्हणाली, "मी गेल्यावर थे येळेवर हात घालतीन, पाहाजा."

घातला. मंडळाची नोटीस कालच आली. विषय एकच, शाळेच्या वेळा आणि सुट्टीचा वार बदलणे. सभा शाळेच्या जागेत, येत्या बुधवारी सकाळी. बुधवारी सकाळी पुऱ्यातला एकही माणूस सभेला येऊ शकत नाही, हे मंडळाला कळत नाही असं मी म्हणणार नाही. इतकी वर्षं पुऱ्याची वांगी न मिळालेल्या, बाहेरच्या गाड्यांची वाट पाहणाऱ्या माणसाला बुधवार चांगला ठाऊक असतो.

गुजरीच्या फाटकाशी, गिरजाबाईच्या जागेवर आता तिची सून बसते. टोपलं तेच. पैसा तराजूला, मग कपाळाला लावायची तऱ्हाही तीच. आणि रोज बाराच्या आत, माझी घंटा व्हायच्या आधी, माझ्या टेबलावर काहीतरी येऊन पडतं, कधी मिरच्या, कधी सांबाराची जुडी. कोण ठेवतं ते मी विचारलेलं नाही.

मंडळाच्या सर्व सभासदांना या लेखाद्वारे नम्रपणे कळवतो, की बुधवारी आमच्या शाळेला कुलूप असतं. किल्ली माझ्याजवळ आहे आणि मी बाजारात असेन, रांगेतल्या पहिल्या जागेपाशी. सभा घ्यायची तर तिथे घ्यावी. सगळा पुरा हजर असेल. वकीलसाहेबांनी येताना पिशवी आणायला हरकत नाही. वांगी मिळतील की नाही, ते त्यांच्या बोलण्यावर आहे.