रविवारच्या आत हेडफोन जोडून द्या

ज्या वस्तूत कणभरही बिघाड नाही, ती विकून ग्राहकाला फसवता येतं का?

येतं. माझ्या काउंटरवर उघडलेला एक बॉक्स होता. आत वायरलेस हेडफोन. बॅटरी फुल, आवाज स्वच्छ, कानावर गादीसारखे बसणारे. मी माझ्या फोनला जोडून बघितले, लगेच जोडले गेले. समोर उभे असलेले गृहस्थ मात्र म्हणत होते, "पोरी, यो डबा परत घे, नायतर बोलता कर."

मी तेव्हा ठाण्यातल्या एका मोठ्या इलेक्ट्रॉनिक्स शोरूममध्ये हेल्पडेस्कला काम करत होते. वस्तू विकणारे वेगळे. विकून झाल्यावर जे परत यायचं ते माझ्याकडे यायचं. त्यामुळे शोरूममध्ये काय बोलून माल खपतो हे मला मीटिंगमध्ये नाही, तक्रारींमधून कळायचं.

गृहस्थांचं नाव बाळाराम भोईर. राहणार बाळकुम. सत्तरीचे, पांढरा शर्ट, कानामागे हात धरून ऐकायची सवय. त्यांच्या घरी टीव्ही आहे आणि टीव्हीला जोडलेला साउंडबार, म्हणजे टीव्हीखाली ठेवतात तो लांबट स्पीकर. साउंडबार आणि हेडफोन एकाच कंपनीचे. दोन्ही आमच्याकडूनच घेतलेले. हेडफोन लावून साउंडबारचा आवाज फक्त आपल्याला ऐकू येईल, हा त्यांचा साधा हिशोब. हेडफोनच्या शेल्फवर कंपनीचं कार्ड लटकत होतं, त्यावर ठळक अक्षरात छापलेलं: 'होम ऑडिओ रेडी'. विकणारा मुलगाही तेच बोललेला. रोज सकाळच्या मीटिंगमध्ये त्याला तेच बोलायला सांगतात.

"एकाच कंपनीचं हायत ना दोगं?" भोईरबाबा म्हणाले. "मंग एकमेकांशी बोलाला काय झालं?"

"बाबा, एकाच घरातले दोन भाऊ तरी बोलतात का रोज?"

"त्यांच्यात जमिनीचा वाद असतं. यांच्यात कसला?"

बाजूच्या काउंटरवरचा कॅशियर हसला. बाबा नाही हसले. बॉक्सवर हात ठेवून म्हणाले, "रविवारच्या आत जोडून दे. नायतर माजी पोर जाल."

मग त्यांनी सगळं सांगितलं. मुलगी वैशाली बाळंतपणासाठी माहेरी आलेली. सव्वा महिना राहायचं ठरलेलं. बाबांना ऐकायला कमी येतं, त्यामुळे टीव्ही मोठा. बाळ दचकून उठायचं. म्हणून बाबांनी टीव्ही बंद केला. कोणी सांगितलं नव्हतं, त्यांनी स्वतःहून केला. बायको गेल्यापासून दिवसभर तो टीव्ही हीच त्यांची सोबत होती, आणि त्यातही कबड्डी. तरुणपणी गावच्या संघातून खेळलेले. आता कबड्डीची स्पर्धा चालू, आणि हे बंद टीव्हीसमोर खुर्ची टाकून बसणार. ते वैशालीला बघवेना. "माझ्यामुळे तुम्ही असे बसता, मी रविवारी कल्याणला जाते," असं तिने सांगून टाकलं. जावई गाडी घेऊन येणार होता. तिला थांबवायचं म्हणून बाबांनी हेडफोन घेतले होते.

आता हे का जोडले जात नाहीत, ते सांगते. अवघड नाही. ब्लूटूथमध्ये एक आवाज पाठवणारा लागतो आणि एक घेणारा. फोन पाठवतो, हेडफोन घेतो. फोन पाठवतो, साउंडबार घेतो. पण बहुतेक साउंडबार ब्लूटूथवर फक्त घेतात, पुढे पाठवत नाहीत. म्हणजे भोईरांच्या घरात दोघंही कान होते. तोंड कोणालाच नव्हतं. दोन कान शेजारी ठेवून रात्रंदिवस वाट बघितली तरी गप्पा सुरू होणार नाहीत.

ही गोष्ट कंपनीला माहीत असते. कार्ड छापणाऱ्याला माहीत असते. माहीत नसते फक्त पैसे देणाऱ्याला.

मी मॅनेजरकडे गेले. शिरोडकर सर माणूस म्हणून वाईट नाहीत. त्यांच्या डोक्यावर महिन्याचं टार्गेट असतं आणि ते घरीही उतरत नाही.

"सर, रिटर्न घ्यायला लागेल. जोडले जात नाहीत."

"बॉक्स उघडला ना? मग विषय संपला. हायजीन पॉलिसी."

हायजीन पॉलिसी म्हणजे कानाला लागलेली वस्तू परत घ्यायची नाही. नियम चुकीचा नाही. पण कानाला लावल्याशिवाय वस्तू खोटी ठरली हे कळणार कसं, याचं उत्तर त्या नियमात नाही.

"सर, कार्डावर होम ऑडिओ लिहिलंय."

"अगं, कस्टमरला सेटिंग येत नसेल. म्हातारी माणसं. तू समजावून सांग."

"मला पण येत नाहीये. तुम्ही दाखवता?"

हे मी मुद्दाम बोलले. आमच्या डेमो हॉलमध्ये तोच साउंडबार चालू होता, तेच हेडफोन शेल्फवर होते. आणि इतक्या महिन्यांत ते दोन एकमेकांना जोडून कोणी बघितलेलेच नव्हते! डेमोला आम्ही हेडफोन नेहमी फोनला जोडतो. साउंडबार पेनड्राइव्हवर चालतो. दोन्ही मस्त वाजतात, ग्राहक खूश होतो, आणि मधली जागा कोणी तपासत नाही.

सर उठले. कोट सारखा केला, भोईरबाबांना नमस्कार केला आणि बसले जोडायला. बटण दाबून धरलं. निळा दिवा लुकलुकला. सोडलं. पुन्हा धरलं. मिक्सर घ्यायला आलेलं एक जोडपं थांबून बघायला लागलं. मग वॉशिंग मशिनवाले काका आले. सरांनी साउंडबार बंद करून चालू केला, हेडफोन बंद करून चालू केले, शेवटी घाम पुसला.

"कंपनीकडून अपडेट येईल," ते म्हणाले. "सॉफ्टवेअरचा. मग होईल."

भोईरबाबांनी कानामागे हात धरून नीट ऐकून घेतलं. "रविवारच्या आत येल का?"

मिक्सरवाल्या बाई फिसकन हसल्या. सरांचा चेहरा पडला. ते मला बाजूला घेऊन म्हणाले, "तू त्यांच्या घरी जा. काहीतरी करून चालू करून दे. पण रिटर्न नाही म्हणजे नाही."

दुसऱ्या दिवशी शोरूम उघडायच्या आधी मी बाळकुमला गेले. सोबत ट्रान्समीटर घेतला. ही काडेपेटीएवढी डबी टीव्हीला मागून लावली की टीव्हीचा आवाज ब्लूटूथवर पाठवते. म्हणजे घराला तोंड मिळतं.

भोईरांचं घर उंच टॉवरमध्ये. खिडकीतून खाडी दिसत होती. बाबांनी बोट दाखवून सांगितलं, त्यांच्या वडलांची मिठागरं कुठे होती ते. हॉलमध्ये भला मोठा टीव्ही, काळाकुट्ट. समोर एकच खुर्ची. वैशाली बाळाला खांद्यावर घेऊन फेऱ्या मारत होती. डोळ्यांखाली काळं झालेलं.

"ताई, तुम्ही कशाला आलात एवढ्या लांब?" ती हळूच बोलली. "मी जाणारच आहे रविवारी. बाबांना उगाच त्रास."

"कनचा तरास?" बाबांना बरोबर तेवढंच ऐकू आलं. "मना काय तरास हाय? तुला हाय काय?"

"मला कसला? तुम्हीच सकाळपासून भिंत बघत बसलायत."

"भित चांगली हाय. रंग नवीन दिलाय."

मी टीव्हीच्या मागे शिरले. टीव्ही जुना, त्यात स्वतःचं ब्लूटूथ नव्हतं. पण आवाज बाहेर देणारी एक जागा रिकामी होती. डबी लावली, साउंडबार बंद केला, हेडफोन जोडले. दिवा स्थिर झाला. बाबांच्या कानावर हेडफोन चढवले आणि आदल्या दिवशीची कबड्डीची मॅच लावली. घरात चिडीचूप. बाबांचा चेहरा उजळला. वैशाली थांबून बघायला लागली.

मग बाबांच्या कपाळावर आठी आली.

"पोरी, रेडर परत आला, मंग शिट्टी वाजली."

मी हेडफोन माझ्या कानाला लावले. खरं होतं. चढाई करून खेळाडू आपल्या बाजूला आला, लोकांनी हात वर केले, आणि त्यानंतर पंचाची शिट्टी. साध्या ब्लूटूथवर आवाज पोचायला किंचित वेळ लागतो. गाणं ऐकताना कळत नाही. बातम्या बघताना ओठ आणि शब्द थोडे सुटल्यासारखे वाटतात. पण जो माणूस शिट्टीच्या तालावर वाढला, त्याला ते दाताखाली खडा आल्यासारखं लागतं.

"चालंल," बाबा म्हणाले. "मी करीन सवय."

हा शब्द मला आवडत नाही. चालेल. ग्राहक 'चालेल' म्हणतो तेव्हा आम्ही जिंकतो आणि तो हरतो. त्यांना कबड्डीच्या आवाजासारखं काहीतरी नको होतं, कबड्डी हवी होती. आणि ती मिळवून देणारे हेडफोन आमच्याच शोरूममध्ये वरच्या कप्प्यात पडून होते. त्यांच्यासोबत एक स्टँड येतो. स्टँड टीव्हीला लावायचा. तो ब्लूटूथ न वापरता स्वतःच्या रेडिओ लहरींवर आवाज पाठवतो, त्यामुळे उशीर जाणवत नाही. किंमत जवळजवळ तीच. पण दिसायला जुनाट, म्हणून कोणी दाखवत नाही.

"चालणार नाही बाबा," मी म्हटलं. "चला माझ्याबरोबर."

माझे वडील डोंबिवलीच्या एमआयडीसीत कामाला होते आणि कामगार संघटनेची पत्रकं घरी आणून ठेवायचे. मी वाचायला त्यांच्यावरच शिकले. त्या पत्रकांत कोणत्या ना कोणत्या कोपऱ्यात एक गोष्ट हमखास असायची: तोंडी नकार घेऊन परत येऊ नका. लेखी मागा. लहानपणी मला वाटायचं, हे फक्त कारखान्यांसाठी आहे.

मी कोरा कागद घेऊन सरांच्या केबिनमध्ये गेले. भोईरबाबा माझ्या मागे.

"सर, घरी जाऊन आले. साउंडबारला जोडले जात नाहीत. जाणारही नाहीत. डबी लावून चालतात, पण आवाज मागे पडतो. स्टँडवाल्या हेडफोनवर एक्स्चेंज करून द्या."

"शलाका, एकदा नाही म्हटलं ना?"

"चालेल सर. फक्त लिहून द्या."

"काय लिहून?"

"कार्डावर होम ऑडिओ रेडी छापलंय, होम ऑडिओला जोडले जात नाहीत, तरी आम्ही परत घेत नाही. खाली तुमची सही आणि शोरूमचा शिक्का."

सरांनी कागदाकडे बघितलं. पेन उचललं. ठेवलं.

"तू कोणाच्या बाजूची आहेस?"

"हेल्पडेस्कची. तिथे पाटीवर 'ग्राहक सहाय्य' लिहिलंय सर."

"नाटकं करू नकोस."

"मी सहीच मागतेय. नियम बरोबर असेल तर सही करायला काय हरकत आहे?"

सर पेनाचं टोपण उघडत राहिले, लावत राहिले. भोईरबाबा शांतपणे खुर्चीत बसले होते. त्यांना अर्धंच ऐकू आलं असावं. ते सरांना म्हणाले, "साहेब, घाई नय. मना आता टीव्ही नय, मी बसतंव हितंच."

सरांनी एक्स्चेंज केलं. 'डिफेक्टिव्ह' असा शेरा मारून. मी म्हटलं, डिफेक्ट हेडफोनमध्ये नाही, कार्डात आहे. ते म्हणाले, "आता पुरे." तेवढं मी ऐकलं. पण बाहेर येताना शेल्फवरचं ते कार्ड काढून त्यांच्या टेबलावर ठेवलं. ते पुन्हा लागलेलं नाही.

शनिवारी मी स्टँड बसवायला गेले. मॅच नेमकी चालू होती. बाबांनी हेडफोन लावले आणि एक चढाई बघितली. मी आणि वैशाली त्यांच्या तोंडाकडे बघत होतो. पाळण्यात बाळ झोपलेलं. घरात पंख्याचा आवाज तेवढा.

बाबांनी अंगठा वर केला. शिट्टी वेळेवर आली होती.

वैशालीने पदर डोळ्याला लावला. मला वाटलं, काम झालं. मी बॅग भरायला घेतली. तेवढ्यात पडद्यावर कोणीतरी रेडरची मांडी धरली आणि बाबा खुर्चीतून उठून, सगळी मिठागरं ऐकतील असे ओरडले, "धर! धर त्याला! सोरू नको!"

पाळणा रडायला लागला.

"बाबा!"

"काय?" बाबा हेडफोनमधूनच ओरडले. "मी कुटं बोललू?"

वैशाली बाळाला उचलताना इतकी हसत होती की तिला धड धरता येईना. "ताई, याच्यापेक्षा टीव्हीचा आवाज बरा होता!" पण मग तिने नवऱ्याला फोन लावला आणि सांगितलं, रविवारी जेवायला या, पण गाडी रिकामीच परत न्या. "बाबांना हळू कसं ओरडायचं ते शिकवायला मला अजून थोडे दिवस लागतील," असंही ती त्याला म्हणाली.

ती सव्वा महिना पुरा राहिली. मला मात्र पुढच्याच आठवड्यात हेल्पडेस्कवरून हलवून वॉशिंग मशिनच्या सेक्शनला टाकलं. हरकत नाही. तिथेही कार्डं लटकतात. मी ती वाचते आणि सांगितलेलं काम मशीन खरंच करतं का, ते आधी स्वतः बघते. दोन कार्डं उतरवली आहेत.

या सगळ्यातून मी एवढंच शिकले: दुकानात खोटं बोलायला कोणाला भीती वाटत नाही, लिहायला वाटते.

म्हणून तुम्हाला एक विनंती आहे. पुढच्या वेळी काही विकत घ्याल तेव्हा ती वस्तू तुम्हाला कशासाठी हवी आहे ते एका वाक्यात सांगा, आणि विकणाऱ्याला तेच वाक्य बिलावर लिहून खाली सही करायला सांगा. 'घरच्या साउंडबारला जोडले जातील.' एवढंच. त्याने लिहिलं तर पैसे द्या. तो हसला, इकडेतिकडे बघायला लागला, मॅनेजरला विचारून येतो म्हणाला, तर बिल होऊ देऊ नका. काउंटरच्या पलीकडे मी उभी असले तरीसुद्धा.