खंडेनवमीचं वीजघर

घाटाच्या पायथ्याशी, आमच्या खालापूर भागात, एक वीजघर होतं. वडील तिथे यंत्रांना तेल घालत. डोंगरावरून मोठाल्या नळांतून पाणी खाली यायचं, त्याची वीज व्हायची आणि ती तारांवरून थेट मुंबईला जायची. आमच्या गावाच्या वाट्याला त्यातलं काहीच येत नसे. त्याचा राग मला अजून येतो.

वडिलांना मात्र त्या इमारतीचं कोण कौतुक. देवळासारखा उंच दगडी दरवाजा, कमानींवर कोरलेली पानं, जिन्याच्या कठड्याला बिडाच्या वेली. आणि छताला पितळी साखळ्यांनी टांगलेले दिवे, कमळासारख्या दुधी काचांचे. "यंत्रांना फुलं कशाला लागत असतील?" असं म्हणून ते स्वतःच हसायचे. आई हातातलं काम टाकून ऐकायची. तिला ते दिवे एकदा बघायचे होते.

बायकापोरांना आत सोडत ते फक्त खंडेनवमीला. त्या दिवशी यंत्रांची पूजा व्हायची, त्यांना झेंडूच्या माळा चढायच्या आणि भरदिवसा सगळे दिवे लावायचे. कर्जतच्या डॉक्टरांनी आईला काचबिंदू सांगितला त्या वर्षी आमचं जायचं पक्कं झालं. गेलेली नजर परत येणार नव्हती, उरलेलीही जाणार होती.

आदल्या दिवशी कडावहून निरोप आला, वडिलांचे चुलते गेले. त्यांच्याशी आमचं कित्येक वर्षं बोलणंचालणं नव्हतं, पण सुतक ते सुतक. पूजेला कसं जायचं?

"पुढल्या वर्षी जाऊ गं," वडील म्हणाले. "दिवे कुठं पळून जातायत?"

पुढल्या वर्षी लढाईमुळे बाहेरच्यांना बंदी झाली. खिडक्यांच्या काचांना काळा रंग फासला. लढाई संपून बंदी उठली तोवर आई दारात आलेलं माणूस आवाजावरून ओळखू लागली होती.

तरी ती आली. कठड्याच्या वेलीवरून बोटं फिरवत म्हणाली, "पानं हायत की खरंच." मग मान वर केली. "दिवे लावलेत का?"

डोक्यावर सगळे दिवे जळत होते. वडिलांनी माझ्याकडे पाहिलं.

"आज नाय लावले गं. कायतरी बिघाड झालाय."

"असूं दे. तुमी तरी काय करणार?"

तेवढ्यात मागून आमची शेजारीण आली. "अगं बाई, काय उजेड पडलाय गं," ती म्हणाली. आईचा हात कठड्यावर जागीच थांबला. धरणीनं पोटात घेतलं तर बरं, असं मला झालं.

नंतरच्या खंडेनवमीला वडील कपडे करून दारात उभे राहिले. "चल गं," म्हणाले.

"तुमीच जा," आई म्हणाली. "मला घरात काय नि तितं काय, सारखंच हाय."

वडील एकटेच गेले. नोकरी होती, जावंच लागलं.