कच्चं शूटिंग

मी आयुष्यभर लोकांची लग्नं काढली. काढली म्हणजे त्यांचं शूटिंग काढलं; आमच्या परतूरकडं असंच म्हणतात. बाजारपेठेत माझं एका शटरचं दुकान होतं. आत एक कॅमेरा, दोन मोठे लाइट आणि एक कॉम्प्युटर, बस्स. पण तीर्थपुरीपर्यंत कुठल्याही घरातलं कपाट उघडा, साड्यांच्या घडीखाली माझी एखादी सीडी सापडेल. पुढं प्रत्येकाच्या खिशात कॅमेरा आला, जो तो शूटिंगवाला झाला, माझ्या गुडघ्यांनीही संप पुकारला आणि मी शटर खाली ओढलं ते कायमचं.

मुलगी पुण्याला असते. मागच्या दिवाळीत तिनं मोठा टीव्ही पाठवून दिला. माझी बैठकीची खोली लहान आणि हा टीव्ही असा, की समोर बसलं तर मान डावी-उजवी फिरवावी लागते. मी तो सकाळी लावतो आणि झोपताना बंद करतो. बघतो असं नाही. कुणीतरी बोलत असलेलं बरं वाटतं, एवढंच. बातम्यांतल्या माणसाला मी अधूनमधून "गप बस रे" म्हणतो. घरात दुसरं गप बसवायला कुणी नाही. बायको जाऊन बारा वर्षं झाली.

एकदा व्हिडिओ कॉलवर नातीला माझ्या मागच्या भिंतीवरचा फोटो दिसला. तिनं विचारलं, "आजी चालायची कशी?" मी काहीतरी बोलून वेळ मारून नेली. मग मुलगी फोनवर आली आणि हळूच म्हणाली, "बाबा, आईचं शूटिंग कुठंच न्हाई का?"

दिव्याखाली अंधार म्हणतात तो हा. अख्ख्या तालुक्याच्या बायका मी हसताना, रडताना, नवरीला हळद लावताना टिपल्या, आणि माझी स्वतःची बायको कुठंही नाही. घरात तेव्हा साधे फोन होते. कॅमेरा कामाचा, तो घरी आणला तरी पिशवीतून बाहेर निघत नसे. आणि त्याहून वाईट गोष्ट मुलीला सांगितली नाही, इथं सांगतो. मला बायकोचा आवाज आठवत नव्हता. ती काय काय बोलायची ते सगळं पाठ होतं, पण ते कुठल्या आवाजात, हे काही केल्या येत नव्हतं. मनात तिची वाक्यं म्हणून बघायचो, ती माझ्याच आवाजात यायची. हे कळलं तेव्हा मी घाबरलो.

मुलीला म्हणालो, "बघतो. असंल कुठंतरी."

उगाच नव्हतो म्हणालो. तिची आई कुठं असेल याचा मला अंदाज होता. त्यासाठी आमच्या धंद्याची एक रीत सांगावी लागेल. ज्यांच्याकडं मी काम शिकलो त्या उस्तादांनी पहिल्याच दिवशी बजावलं होतं, की आपल्या घरचं माणूस गिऱ्हाइकाच्या लग्नात दिसता कामा नये. आमच्याकडं लग्नाची सीडी एकटं कुणी बघत नाही. सगळी भावकी सतरंजीवर बसून बघते, आणि कोण किती वेळा दिसलं यावरून मानपान ठरतो. नवरीचा मामा आहेर देताना दिसला नाही तर दोन-दोन वर्षं अबोला चालतो. त्यात मामा गायब आणि शूटिंगवाल्याची बायको मात्र झळकली, तर गिऱ्हाईक दुकानात येऊन आवाज चढवणार, आणि त्याचं बरोबरच असणार. त्यामुळं गावातल्या लग्नांना बायकोला आमंत्रण असलं, तरी मी कॅमेरा तिच्यावरून पुढं न्यायचो. चुकून आलीच, तर दुकानात बसून कापून टाकायचो. तिलाही हे माहीत होतं. ती आपली खांबाआडून, भिंतीकडेनं फिरायची.

पण कच्चं, म्हणजे न कापलेलं शूटिंग मी कधी पुसलं नाही. कारण सहा महिन्यांनी हमखास कुणीतरी यायचं, "आमच्या काकांचा आहेर राह्यला हो." मग कच्च्यातून काका शोधून द्यावे लागायचे. तर असे सगळ्यांचे काका जिच्यात साठवले होते, ती डिस्क माझ्या कॉम्प्युटरच्या डब्यात होती. आणि डबा पलंगाखाली, जुन्या चादरीत गुंडाळलेला.

एक लग्न मला पक्कं आठवत होतं. आमच्या शेजारच्या मास्तरांच्या मुलीचं. त्यात पंगत चालू असताना बायको माझ्या पुढ्यात आली होती. एवढंच आठवत होतं.

डबा बाहेर काढला, पुसला, वीज दिली. पंखा खरखरत फिरायला लागला. पण बघायचं कशावर? मॉनिटर आणि स्पीकर मी दुकानाबरोबरच भंगारात घातले होते. "आता काय बघायचंय" असं तेव्हा मोठ्या तोऱ्यात म्हणालो होतो.

मुलीनं फोनवर सोपा मार्ग सांगितला. "पेन ड्राइव्हमधी घ्या न् टीव्हीला लावा."

"अगं, घेऊ कसं? दिसाया तर पाह्यजे!"

"मंग वायर जोडा दोन्हीला."

वायर जोडायची तर माझ्या डब्याचं तोंड रुंद, निळं, दोन्ही बाजूंना स्क्रू असलेलं, आणि टीव्हीचं तोंड बारीक, चपटं. दोघांचं जमणार कसं? शेवटी गुडघ्यांना समजावलं आणि जालन्याला गेलो. जुन्या जालन्यात एका मारवाडी गृहस्थांचं इलेक्ट्रॉनिक्सचं दुकान आहे. त्यांची सासुरवाडी परतूरची, त्यामुळं त्यांचं लग्न मीच काढलेलं. मला बघताच त्यांनी खुर्ची पुढं केली आणि लगेच तक्रारही.

"काका, माझ्या लग्नात तुम्ही आमच्या फुफाजींना दाखवलंच न्हाई. सख्ख्या आत्याचे यजमान ते, आजून बोलून राह्यलेत."

"तुमचे फुफाजी जेवणाच्या हॉलातून भाईर आले असते तर दाखवलं असतं."

ते खळखळून हसले. माझं काम ऐकून घेतलं आणि काडेपेटीएवढी एक डबी काढून दिली. एका बाजूला निळं तोंड, दुसऱ्या बाजूला चपटं. म्हणाले, "चित्र बराबर येईल. आवाज मात्र हिच्यातून बिलकुल येणार न्हाई. तुमच्या डब्याला आवाजाची पिन असंल, तिला स्पीकर लावा."

ती पिन दुकानाच्या शेवटच्या वर्षीच जळाली होती. विजेनं एकदा उसळी मारली आणि ती गेली. पण मला घाई झाली होती. म्हटलं, आधी चित्र तर येऊ दे.

दुसऱ्या दिवशी दुपारी जेवण झाल्यावर डबी लावली. टीव्हीवर निळा पडदा आला आणि त्यावर माझ्या जुन्या फोल्डरांची रांग उभी राहिली. मास्तरांच्या मुलीचं लग्न चार कॅसेटींचं होतं, एका कॅसेटीची एक फाइल. पहिलीपासून सुरुवात केली. आवाज नव्हताच. बॅन्डवाले गाल फुगवत होते, बायका तोंडं हलवत होत्या, अक्षता उडत होत्या, आणि खोलीत फक्त डब्याच्या पंख्याची खरखर. त्यात किती माणसं अशी दिसली, की जी आता नाहीत. मास्तर स्वतः नाहीत. ते मांडवात हात जोडून फिरत होते, आणि मला ओशाळल्यासारखं झालं, कारण त्यांच्या दहाव्याला मी गेलो नव्हतो.

तिसऱ्या कॅसेटीत पंगत आली. मी पंगतीच्या कडेकडेनं कॅमेरा नेत होतो, आणि डावीकडून ती आली.

मी रिमोट हातात घेऊन उभाच राहिलो. डब्याला रिमोट चालत नाही हेही विसरलो. हिरव्या काठाची साडी, कपाळावर घाम, हातात पाण्याचा जग. म्हणजे पाहुणी म्हणून गेली आणि वाढायला लागली, तिचं नेहमीचं. ती सरळ कॅमेऱ्याकडं बघते, काहीतरी बोलते, आणि खालून माझा डावा हात चित्रात येतो, पंजा उघडा, हलतो. मग ती हसून बाजूला होते. सगळं मिळून चार सेकंद.

मी ते पुन्हा लावलं. मग पुन्हा. किती वेळा ते सांगत नाही, दिवेलागणीची वेळ झाली एवढं खरं. मला फार आनंद झाला होता. ती तर सापडलीच, वर तो हात होता. 'थांब, आलोच' असं मी तिला खुणेनं सांगतोय, असं मी धरून चाललो. एका चित्रात आम्ही दोघं आहोत, ती पुरी आणि मी हाताएवढा, याचंच अप्रूप वाटत राहिलं.

मुलीला फोन केला. "सापडली तुझी आई."

ती रडायला लागली. मग नाक ओढत म्हणाली, "बोलती का?"

"बोलती. पण आवाज न्हाई अजून. आणतो."

आवाज आणायचा तर फाइल पेन ड्राइव्हमध्ये घालून सरळ टीव्हीला द्यायची, हाच मार्ग उरला होता. पेन ड्राइव्ह लावला, कॅसेट त्यात टाकायला गेलो, तर म्हणतो, जागा नाही. अरे, रिकामा आहेस की! त्याला चार शिव्या दिल्या, काढून पुन्हा लावला, पुन्हा तेच. शेवटी जालन्याला फोन लावला.

"काका, लई मोठी फाइल एका दमात घेत न्हाई तो. पाह्यजे तेवढीच कापून टाका ना."

कापायचं मला कुणी शिकवायला नको होतं. जन्म त्यातच गेला. ती येते तिथं एक खूण केली, जाते तिथं दुसरी, मधला तुकडा उचलला. तो पेन ड्राइव्हमध्ये गेला, पण टीव्ही म्हणाला, हा प्रकार मला चालत नाही. जुन्या कॅमेऱ्याची फाइल, त्याला नव्या प्रकारची हवी. नशीब, लग्न छोटं करून मोबाइलमध्ये घालून द्यायचं एक सॉफ्टवेअर डब्यात होतं. त्यात तुकडा घातला. जुना डबा तो, चार सेकंदांसाठीही कण्हत बसला. तेवढ्यात मी दोन भांडी घासली, तोंड धुतलं आणि शर्ट बदलला. का बदलला ते विचारू नका.

पेन ड्राइव्ह टीव्हीला लावला. आवाज पूर्ण वाढवला आणि बटण दाबलं.

खोलीत एकदम पंगत घुसली. भांडी, पोरं, बाहेरचा बॅन्ड, कुणीतरी "भात, भात" ओरडतंय. ती डावीकडून आली आणि म्हणाली, "अहो…"

तोच आवाज. थोडा बसका, शेवटाला वर जाणारा. मला तो क्षणात ओळखू आला.

आणि त्याच्यावर लगेच, भिंती हादरतील एवढा मोठा, माझा आवाज. "ओ बाई, सरका बाजूला! मधी येऊ नका!"

कॅमेऱ्याचा माइक ज्याच्या हाती कॅमेरा असतो त्याच्या तोंडाजवळ असतो. त्याचं बोलणं सगळ्यांत मोठं येतं, हे कुठलाही शूटिंगवाला सांगेल. माझ्या ओरडण्याखाली तिचे ओठ हलत राहिले. ती काय म्हणाली, त्यातलं एक अक्षर वर आलं नाही. आणि तो हात थांब म्हणत नव्हता. तो तिला हाकलत होता. ती हसली ती शेजारच्या बायकांकडं बघून. आपला अपमान झाला की माणूस लोकांकडं बघून हसतं, तसं.

बाई. घरात मी तिला कधी बाई म्हणालो नव्हतो. मंडपातल्या लोकांना वाटू नये की शूटिंगवाला आपल्या बायकोशी बोलत बसलाय, म्हणून मी तिला अनोळखी केलं होतं. ती घरी आल्यावर काही बोलली का? आठवत नाही. बहुतेक नाही. तिनं ताट वाढलं असेल आणि मी जेवलो असेन.

मला फार लाज वाटली. एकट्या माणसाला कुणासमोर लाज वाटत नाही हे खोटं आहे.

मुलीला तुकडा पाठवायचा होता. आधी मनात आलं, 'अहो'पाशीच कापावं. कापूनही बघितलं. एक सेकंद होतो, सुरेख होतो. माझा हात नाही, माझा आवाज नाही, नुसती ती. नातीला दाखवायला तेवढं पुरे झालं असतं. पण तिला कापून कापूनच मी इथवर आलो होतो. मी ते पुसलं आणि चारही सेकंद पाठवून दिले.

मग फोन आला. मुलगी शांत होती, रागावलेली वाटत नव्हती.

"बाबा, आई 'अहो' म्हणती, त्याच्या पुढं काय म्हणून राह्यली?"

"ऐकू येत न्हाई गं. माझ्या आवाजाखाली गेलं."

"ते कळलं. पण तुम्ही तर तिथंच व्हता ना, तिच्यासमोर, हातभर अंतरावर. तुम्हाला काय म्हणली व्हती ती?"

मी टीव्हीकडं बघितलं. तुकडा संपून पडदा काळा झाला होता.

"म्या तवाबी ऐकलं न्हाई," मी म्हणालो.