पाचवा तुकडा

ताटलीत एकच तुकडा उरलेला दिसला की मासुएचं डोकं फिरायचं.

मग तो तुकडा कशाचाही असो. भाजलेल्या बांगड्याचा असो, तळलेल्या कोंबडीचा असो, नाहीतर उकडलेल्या मुळ्याचा. ओसाकात नोदाच्या मासळीबाजारामागे 'कानेतोकु' नावाची जी इझाकाया, म्हणजे दारू मिळणारी खानावळ, आहे, तिथे माणसं संध्याकाळी यायची, तांदळाच्या दारूचे, साकेचे चंबू मागवायची, चार ताटल्या मध्ये ठेवून सगळी मिळून खायची आणि उठताना प्रत्येक ताटलीत एक तुकडा ठेवून जायची. तो कोणी घ्यायचा नाही. घेतला तर हावरट ठरायचं. ओसाकात त्याला संकोचाचा गोळा म्हणतात. म्हणून झालं की सगळे हसतात आणि तो तिथेच सुकत पडतो.

मासुएला मात्र त्यात हसण्यासारखं काही दिसत नसे. ती ओट्यामागून ओरडायची, "तो कुणासाठी ठेवलाय? मेलेल्यांना वाहायचा असेल तर घरी न्या, इथे देव्हारा नाही!" नवं गिऱ्हाईक घाबरून तो पटकन तोंडात टाकायचं. जुनी गिऱ्हाइकं म्हणायची, "ताईंचा पट्टा सुरू झाला," आणि आणखी एक चंबू मागवायची. मग मासुए ताटली उचलायची आणि तो तुकडा बादलीत टाकताना असा काही चेहरा करायची, की जणू तिच्या घरातलंच कोणी वारलं आहे.

त्याला कारण होतं. युआसाच्या किनाऱ्यावर सहा भावंडांत ती शेंडेफळ. बाप मासेमारीला जायचा. जेवताना मधल्या ताटलीत शेवटचा मासा उरायचा आणि सहाही जणं त्याच्याकडे बघत बसायची. एकदा, सात-आठ वर्षांची असेल, तिने सरळ विचारलं, "मी घेऊ?" बापाने जेवायच्या काड्यांनी तिच्या बोटांवर फटका मारला. "मागणाऱ्याला मिळत नसतं," तो म्हणाला आणि तो मासा थोरल्याच्या भातावर ठेवला. थोरल्याने मागितलाच नव्हता. त्या दिवसापासून मासुएने स्वतःसाठी कुणाकडे काही मागितलं नाही. खोक्यांच्या कारखान्यात पगारवाढ मागितली नाही. नवरा ट्रक घेऊन गेला तो परत आला नाही, त्याच्याकडे खुलासाही मागितला नाही. सगळा राग साठवला आणि दुसऱ्यांच्या ताटल्यांवर काढला. दुसऱ्यासाठी भांडायला ती एका पायावर तयार असायची. स्वतःची गोष्ट निघाली की मात्र मूग गिळून बसायची.

कानेतोकुत ती भांडी घासायला आली तेव्हा बत्तीस वर्षांची होती. मालक तोकुजी तेव्हा ओट्यामागे उभे राहून मासा कापायचे आणि त्यांची बायको फुमि अंडं करायची. फुमिचं अंडं म्हणजे मासळीच्या पाण्यात फेटून चौकोनी तव्यावर थरावर थर गुंडाळलेली जाड वळकटी, आत ओलसर, बाहेर कुठे डाग नाही. ती मासुएला ते शिकवायला बसली तेव्हा तिने सहा महिने रोज शिव्या घातल्या. मासुएला त्या शिव्यांचा कधी राग आला नाही. शिकवणारं माणूस शिव्या घालतं, गप्प बसणारं काही शिकवत नाही, हे तिला तिथेच कळलं. फुमि गेली, मालकांचा खांदा गेला, आणि पहाटे बाजारात जाण्यापासून दुकान उघडल्याची खूण म्हणून दारावर कापडी पडदा लावण्यापर्यंत सगळं मासुएवर आलं. मालक आता गिऱ्हाइकांशी गप्पा मारायचे आणि साके गरम करायचे. दुकान मासुएच चालवत होती. हे सगळी गल्ली जाणून होती, फक्त बोलत कोणी नव्हतं.

आणि शरद लागताना एका दुपारी, मुळे सोलता सोलता, मालक म्हणाले, "मी थकलो गं. वर्षअखेर दुकान सोडावं म्हणतो."

मासुएच्या हातातली सुरी थांबली. तिला ते दुकान हवं होतं. दुसरं काहीच नको होतं तिला, ना घर, ना माणूस. पण ती म्हणाली, "बरं. खूप कष्ट काढलेत तुम्ही."

मालक थोडा वेळ तिच्याकडे बघत राहिले. मग म्हणाले, "हं." दोघांनी मिळून उरलेले मुळे सोलले.

पुढे एक सुटाबुटातला माणूस येऊन भिंती मोजून गेला. कुठल्याशा शेवयांच्या दुकानांच्या साखळीचा होता. ओट्याची उंची लिहून घेताना मासुएला म्हणाला, "मावशी, जरा सरका." मासुए सरकली आणि त्या दिवशी तिने इतकं मीठ घातलं की बांगडा कोणी खाल्ला नाही.

शेवटी तो शुक्रवार उजाडला. दुसऱ्या दिवशी सकाळी तो माणूस कागद घेऊन येणार आणि मालक त्यावर आपला सहीचा शिक्का मारणार, एवढंच राहिलं होतं. संध्याकाळी पडदा लावल्या लावल्या नेहमीचे चौघे कोपऱ्यातल्या टेबलावर येऊन बसले. हाताके सुतार, धुलाईवाली सावे आणि बर्फ विकणारे दोघे भाऊ. त्यांनी अंडं मागवलं. मासुएने ते पाच तुकड्यांत कापलं. जपानीत चार आणि मरण यांचा उच्चार एकच, म्हणून कानेतोकुत फुमिच्या वेळेपासून पाचच कापतात. चौघांनी चार खाल्ले. पाचवा उरला.

हाताकेने मालकांना टेबलावर बोलावलं आणि त्यांची इवलीशी वाटी साकेने भरली. "मालक, आता असलं अंडं कुठे मिळायचं? ते शेवयावाले देणार का?"

"देणार कुठले," मालक म्हणाले. वाटी रिकामी केली. सावेने ती परत भरली. "मला वाटलं होतं, मासुए घेईल दुकान. तीन वर्षं वाट बघितली मी, ती कधी तोंड उघडते याची. पण तिला नको आहे. जाऊ दे."

ओट्यामागे तवा आपटल्याचा आवाज झाला.

"कुणाला नको आहे?"

चौघांनी माना खाली घातल्या. मासुए ओट्याला वळसा घालून बाहेर आली. गिऱ्हाइकं असताना ती ओट्याबाहेर येत नसे. तिची तळपायाची आग मस्तकात गेली होती.

"कुणी विचारलं मला? कधी विचारलं? तारीख सांगा!"

"अगं, सांगितलं होतं ना तुला. थकलो म्हणालो, दुकान सोडतो म्हणालो. तू म्हणालीस, बरं."

"मग काय म्हणणार? नाचू? तुम्ही थकलो म्हणता आणि मी लगेच म्हणू, द्या इकडे दुकान? माणूस आहे का गिधाड?"

"एक शब्द तर बोलायचास!"

"नोकराने मालकाकडे दुकान मागायचं? शोभलं असतं?"

"आणि मालकाने नोकराच्या गळ्यात मारायचं, ते शोभलं असतं?" मालकांचाही आवाज चढला. या माणसाचा आवाज चढलेला कोणी ऐकला नव्हता. "तुझे गुडघे दुखतात. तुझं वय झालं. मी घे म्हटलं असतं तर तू नको असूनही घेतलं असतंस, उपकार म्हणून. आयुष्यभर तेच केलंस तू!"

"माझे गुडघे माझे आहेत! त्यांची काळजी तुम्हाला कोणी सांगितली?" मासुएच्या डोळ्यांत पाणी आलं आणि त्याचाच तिला जास्त राग आला. "तीन वर्षं! तीन वर्षं वाट बघितली म्हणे! मी रोज पहाटे बाजारात जाऊन काय शेवयावाल्यांसाठी मासे आणत होते? फुमिताई असत्या तर तुमच्या डोक्यात तवा घातला असता!"

"तुझ्याही घातला असता," मालक म्हणाले.

ते खरं होतं. सावे ताटलीकडे बघत होती. हाताकेही तिकडेच बघत होता. मग बर्फवाले भाऊही बघायला लागले. पाचवा तुकडा मधोमध पडला होता, वरून सुकायला लागलेला.

मासुएने तो पाहिला. इतकी वर्षं ज्या तुकड्यासाठी तिने लोकांना फाडून खाल्लं होतं, तसाच एक तिने स्वतःच ठेवला होता, हे दुकान. मालकांनी पुढे सरकवला, तिने नको म्हणून मागे सरकवला, आणि आता तिसराच कोणीतरी तो बादलीत टाकणार होता. तिला मालकांची चीड आली, बापाची आली, आणि सगळ्यांत जास्त स्वतःची आली.

तिने काड्या घेतल्या नाहीत. हातानेच तो तुकडा उचलला आणि तोंडात कोंबला. गार झाला होता. सगळ्यांसमोर, उभ्या उभ्या, तिने तो चावला आणि गिळला.

"घेतला," ती म्हणाली. "बघा. मेलं का कोणी?"

कोणी मेलं नव्हतं.

"मला दुकान पाहिजे. ऐकू आलं? पाहिजे! फोन करा त्या सुटवाल्याला."

"मी शब्द दिलाय त्याला."

"मला द्यायचा होता तेव्हा कुठे होता तुमचा शब्द? शिक्का अजून तुमच्या खिशात आहे. करा फोन."

मालक उठले. भिंतीजवळच्या फोनशी गेले आणि नंबर फिरवला. मग ते भिंतीसमोर वाकायला लागले. फोन कानाला धरून, मासळी कंपनीच्या कॅलेंडरसमोर, दुखऱ्या खांद्यासकट कमरेत वाकत होते आणि माफी मागत होते, परत परत. पलीकडचा माणूस मोठ्याने बोलत होता, ते टेबलापर्यंत ऐकू येत होतं. मासुए कमरेवर हात ठेवून उभी राहिली. तिला वाईट वाटत होतं, आणि तरीही ती त्यांना थांबवत नव्हती. वाकू देत. थोडं आधी वाकले असते तर भिंतीसमोर वाकावं लागलं नसतं.

मालकांनी फोन ठेवला. चेहरा लाल झाला होता.

"फार रागावला," ते म्हणाले. "पण उद्या येत नाही."

"रागावू दे. मी अजून रागावलेलीच आहे."

"दिसतंय," मालक म्हणाले आणि खाली बसले. हाताकेने त्यांची वाटी भरली. मग त्याने आणखी एक वाटी घेतली, तीही भरली आणि ओट्याच्या कडेला, मासुएच्या बाजूला ठेवली. तिने ती एका घोटात रिकामी करून आपटली.

मग ती आत गेली. अंडी फोडली, फेटली, तवा तापवला. थरावर थर गुंडाळताना ती काहीतरी पुटपुटत होती, शिव्याच असाव्यात. वळकटी झाली, तिने ती फळीवर घेतली आणि सुरी चालवली. मालक सवयीने ओट्यावरून डोकावून बघत होते.

"आठ?" ते म्हणाले. "आठ काय कापतेस? चौघं आहेत ती. आपल्या दुकानात पाच कापतात."

मासुएने दोन दोन तुकडे वेगळे केले, चौघांच्या चार ताटल्या भरल्या आणि त्यांच्यासमोर एकेक करून आपटल्या.

"तुमच्या दुकानात," ती म्हणाली.