तळहाताआडचा राष्ट्राध्यक्ष

चित्रपट शेवटाकडे आला, की काका प्रोजेक्टरच्या लेन्ससमोर तळहात धरायचे. पडद्यावर पाच काळी बोटं उमटायची आणि अंधारातून आवाज यायचा, "बस्स. इथवरच. चहा घ्या."

ही सत्तरच्या दशकातली गोष्ट, कॅनडातल्या नॉर्थ यॉर्कमधल्या एका अपार्टमेंटच्या बेसमेंटमधली. आमचं मराठी मंडळ दर हिवाळ्यात एका अमेरिकन राष्ट्राध्यक्षाच्या आयुष्यावरचा जुना हॉलिवूडपट दाखवी. दरवर्षी तोच. लायब्ररीतून फुकट मिळे, आणि त्यात कुणी कुणाला मिठी मारत नसे, म्हणून भारतातून आलेल्या आईवडिलांसमोर लावता येई. त्यांना इंग्रजी समजत नसे. त्यामुळे आमचे हे काका, अलिबागकडचे बेने इस्रायल, म्हणजे मराठी ज्यू, मशीन चालवता चालवता सगळे संवाद मराठीत सांगत. त्यांचा राष्ट्राध्यक्ष गुलामांच्या मालकांना म्हणे, "अरे, माणसं आहेत ती, बैल नव्हेत!" मूळ वाक्य याच्या निम्म्यानंही चांगलं नव्हतं.

"नाटकगृहात त्याला गोळी घालतात, ते कधी दाखवत नाही तुम्ही," मी एकदा चिडवलं. "इतिहासालाही सेन्सॉर?"

ते वायर गुंडाळत होते. त्यांची बायको पलीकडे डबे आवरत होती.

"आमचा मुलगा डेट्रॉइटला दुकानात गोळी लागून गेला," ते हळूच म्हणाले. "तिला सांगितलंय, गाडी बर्फावरून घसरली. शवपेटी उघडू दिली नाही मी. गोळी तिच्या कानावर जाता कामा नये, एवढंच."

इतिहासाबद्दल मी पुन्हा बोललो नाही.

पुढच्या हिवाळ्यात मंडळाला त्यांचा सत्कार करायची हुक्की आली. आपल्याकडे माणसाचं काम बंद पाडायचं असेल तर त्याचा सत्कार करतात, हे तुम्हीही पाहिलं असेल. शाल, श्रीफळ, मंडळाच्या अध्यक्षांचं चित्रपटाइतकंच लांब भाषण, आणि पहिल्या रांगेत बायकोशेजारी मानाची खुर्ची. हातात माईक दिला.

"काका, आज तुम्ही फक्त बोलायचं," सेक्रेटरी म्हणाला. "मशीन मी बघतो."

"शेवटी बंद कर हं. विसरू नकोस."

"काळजीच सोडा!"

शेवट जवळ आला. ते वळून वळून मागे पाहू लागले. सेक्रेटरी मशीन तसंच सोडून मंडळाच्या अध्यक्षांना चहा द्यायला गेला होता. शाल सावरत ते उठेपर्यंत गोळी सुटली. राष्ट्राध्यक्षाचं डोकं पुढे कललं.

भारतातून आलेले आजी-आजोबा मराठीची वाट पाहत होते. माईक धरलेला त्यांचा हात खाली लोंबत होता, बायकोच्या तोंडाजवळ. त्यामुळे तिचा शांत आवाज हॉलभर ऐकू आला.

"अहो, ह्याच्या आईला काय सांगितलं? गाडी घसरली म्हणून?"

किती वर्षांपासून ठाऊक होतं तिला?

पडद्याकडे बघतच ते म्हणाले, "आई लहानपणीच गेली होती त्याची."

"सुटली," ती म्हणाली.

ते खाली बसले. माईक जमिनीवर ठेवला. पडद्यावर माणसं इंग्रजीत आरडाओरडा करत होती. त्याचं मराठी त्या दिवशी कुणी केलं नाही, आणि नंतरही नाही. ती दोघं पुन्हा आली नाहीत.